मागचे पाटे

माझ्या नातीला गाड्यांचं वेड आहे. हे वेड आपल्या घरात कुठून आलं, असं तिची आई विचारते तेव्हा मी मान खाली घालून भाजी निवडत असते. परवा नातीला जुन्या अल्बमात एक फोटो सापडला. शारजातली आमची बिल्डिंग, मागे वाळूचा मोकळा प्लॉट, त्यात दोन दारांची लांबलचक अमेरिकन गाडी, आणि बॉनेटवर कोपर टेकून काळ्या चष्म्यात उभी असलेली मी. चष्मा एवढा मोठा, की त्याच्याखाली फक्त हनुवटी आणि आत्मविश्वास दिसतो.

"आजी, धिस इज अ मसल कार," ती म्हणाली. "युअर्स?"

"माझी."

"नो वे. रिअर सस्पेन्शन काय होतं? स्टॉक, ऑर अपग्रेडेड?"

"अपग्रेडेड," मी म्हणाले. "मागे तुझी पणजी होती."

तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी ओळखते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत ना, असं पाहणारी नजर. म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहूनच काढावं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आम्ही शारजात राहायचो, रोल्लाच्या बाजारापासून चालत जाता येणार नाही इतके लांब, आणि मी दुबईत एका ट्रेडिंग कंपनीत अकाउंट्स बघायचे. जाण्यायेण्याची सोय म्हणजे कारलिफ्ट. एका चाचांची व्हॅन, तिच्यात कोंबलेल्या आम्ही नोकरदार बायका, आणि सगळ्यांत शेवटी चढणारी म्हणून मागच्या बाकावर मधोमध मी. माझे दोन्ही गुडघे दोन बाजूंच्या शेजारणींच्या मालकीचे. एसी किती लावायचा, कॅसेट कोणती, वाटेत थांबायचं की नाही, हे सगळं चाचा ठरवायचे. परत येताना व्हॅन रोल्लावरूनच जायची. दुकानांसमोर रचलेल्या कोथिंबिरीच्या जुड्या मला काचेतून दिसायच्या. मी म्हणायचे, "चाचा, दो मिनिट, धनिया लेना है." चाचा म्हणायचे, "कल, इन्शाल्ला." तिकडे ज्याला इन्शाल्ला कळला त्याला सगळं कळलं. आमच्या घरी पोहे कोथिंबिरीशिवाय व्हायचे.

म्हणून मी गाडी शिकले. ड्रायव्हिंग टेस्टमध्ये इतक्यांदा नापास झाले, की टेस्ट घेणारे पोलीस मला मुलीच्या परीक्षेबद्दल विचारायचे. शेवटी लायसन्स मिळालं ते मला वाटतं त्यांनी कंटाळून दिलं. मी मात्र ते पर्समध्ये अशा खणात ठेवलं, की रुमाल काढताना आपोआप बाहेर पडावं.

आमच्या ओळखीतल्या झाडून सगळ्या मराठी घरांकडे तेव्हा एकच गाडी असायची. पांढरी, जपानी, चार दारांची, मागच्या काचेत टिश्यूचा डबा. आम्हीही तीच घेणार, हे ह्यांनी ठरवलं होतं. आमचे हे इंजिनिअर. ह्यांनी एकदा ठरवलं की विषयाला झाकण बसतं. पण नेमका त्याच वेळी माझ्या ऑफिसातला गोरा मॅनेजर देश सोडून निघाला आणि त्याने आपली गाडी विकायला काढली. माझ्या लग्नाच्याही आधीची ती गाडी. रंग कोवळ्या वांग्याचा, बॉनेट एवढं लांब की त्यावर पंगत बसावी. चालू केली की खालच्या ग्रोसरीतल्या अंड्यांचे ट्रे खडखडायचे. मी ती घेतली, आणि घेऊन झाल्यावर ह्यांना विचारलं, "घेऊ का?"

कुठलीही किंमत दिरहममध्ये ऐकली की लगेच मोठ्याने तिचे रुपये करायची ह्यांना सवय होती. भेंडीचेसुद्धा करायचे. त्या दिवशी ह्यांनी रुपये केले नाहीत. मुकाट्याने वरणभात जेवले आणि ताट स्वतः उचलून नेलं. राग केवढा मोठा आहे हे मला त्या ताटावरून कळलं.

मी कशाला ऐकते. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला मी बोटात किल्ली फिरवत गेले. वाण घेताना किल्ली उजव्या हातात होती, म्हणून डावा पुढे केला, असं म्हणतात. मला आठवत नाही. आठवतं एवढंच, की परत जाताना मंडळाच्या बायकांना मी मोठ्या मनाने लिफ्ट दिली आणि तिथेच गाडीचं खरं रूप उघडं पडलं.

ती गाडी पुढून विमान होती आणि मागून बैलगाडी. मागच्या चाकांचा धुरा लोखंडी पट्ट्यांच्या कमानीवर बसवलेला होता, आपल्याकडच्या ट्रकला असतो तसा. ह्या पट्ट्यांना आपल्याकडे पाटे म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. पुढे त्याने माझी फजिती केली. तर ते पाटे इतकी वर्षं वजन सोसून दमले होते, कमान सपाट झाली होती. मागे दोघी-तिघी बसल्या की शेपूट खाली टेकायचं, टायर वर घासायचा आणि गाडीत जळक्या रबराचा वास भरायचा. सिग्नलवरून जरा जोरात निघावं तर मागची चाकं थडाथडा उड्या मारायची. राउंडअबाउटवर गाडीचा पुढचा भाग मी म्हणेन तिकडे जायचा आणि मागचा स्वतःच्या मताने. मंडळाच्या खजिनदारबाई मागे बसल्या होत्या. त्यांनी आधी देवाचं नाव घेतलं, मग माझं, आणि मग उतरवायला सांगितलं. त्यांचं घर तिथून बरंच लांब होतं.

मी हिंमत हरले नाही. एका रद्दीच्या दुकानातून अमेरिकन गाड्यांचं एक मासिक आणलं आणि त्यातले शब्द पाठ केले. पुढच्या वेळी मंडळात कुणीतरी विचारलं, "काय गं, गाडी काय म्हणते?" मी चष्मा डोक्यावर चढवत म्हणाले, "सध्या रिअरचं अपग्रेड करून घेतेय."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. एक हळूच म्हणाली, "करून घे हो. अंगावर काढू नकोस. आमच्या वन्संना पण बसता येत नव्हतं."

आता मुलकियाचं सांगायला हवं. गाडीच्या रजिस्ट्रेशनच्या कार्डाला तिकडे मुलकिया म्हणतात. ते दर वर्षी नवं करायचं आणि त्याआधी गाडी सरकारी तपासणीला न्यायची. तपासणीला सगळे भारतीय पासिंग म्हणतात. मी चष्मा लावून रांगेत उभी राहिले. तपासनीस लोकल, म्हणजे तिथलेच अरब होते, शांत, पांढऱ्याशुभ्र पायघोळ कंदुऱ्यातले, आणि त्यांचं हिंदी माझ्यापेक्षा चांगलं होतं. त्यांनी गाडीभोवती चक्कर मारली, डिकीवर तळहात ठेवून दाबलं. गाडी खाली गेली आणि वर यायचं विसरली.

"मॅडम, पीछे खलास."

"खलास यानी?"

"खलास यानी खलास."

घरी ह्यांनी ते ऐकलं आणि कितीतरी दिवसांनी मन लावून बोलले. "मुलकिया संपायच्या आत गाडी पास झाली तर तुझी. नाही झाली तर भंगारात. मी चाचांशी बोलून ठेवतो. तुझी मधली सीट अजून रिकामीच आहे म्हणे."

त्या मधल्या सीटच्या आठवणीने माझे गुडघे दुखायला लागले. गाडी पास होणं हा आता हौसेचा प्रश्न राहिला नव्हता. रोल्लाला माझ्या मर्जीने उतरून एक कोथिंबिरीची जुडी घेता येणार की नाही, एवढाच प्रश्न होता. हसू नका, पुरुषांनी ह्याहून क्षुल्लक गोष्टींसाठी लढाया केल्यात.

त्याच सुमारास सासूबाई गिरगावातून व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे यायच्या होत्या. फोनवर तेव्हा आपलाच आवाज फिरून ऐकू यायचा, त्यामुळे लहान लहान वाक्यं ओरडून बोलायची रीत होती. त्या कधी निघू म्हणून विचारत होत्या.

"आई, जरा थांबून या," मी ओरडले. "पाटे गेलेत."

"काय गेलंय?"

"पाटे. पार सपाट झालेत. नवे टाकायचेत. इथे मनासारखे मिळत नाहीत."

मग सासूबाई म्हणाल्या, "अगं, मग आधी नाही का सांगायचं," आणि त्यांनी फोन ठेवला.

केवढी समंजस बाई, असं मला वाटलं. मी गाडी घेतल्याचं त्यांना ह्यांनी सांगितलं असणार, हे मी धरून चालले होते. ती बातमी मीच दिली असणार, असं हे धरून चालले होते. आमच्या संसारातल्या बऱ्याच गोष्टी अशाच धरून चालल्या होत्या.

पाटे बदलायला मी शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका गॅरेजमध्ये गेले. तिथले उस्ताद पेशावरकडचे, मिशीला पीळ दिलेले. दुबईतल्या मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पातल्या बसेस आणि पाण्याचे टँकर ही त्यांची नेहमीची गिऱ्हाइकं. मी मासिक उघडून त्यांच्यासमोर धरलं आणि म्हणाले, "उस्ताद, रिअर सस्पेन्शन अपग्रेड चाहिए. परफॉर्मन्सवाला."

उस्तादांनी पानं चाळली. एका ट्रॅक्टरच्या जाहिरातीपाशी ते थांबले आणि म्हणाले, "यह अच्छी गाडी है." मी तिथूनच परत फिरायला हवं होतं.

"अमरीका से कमानी आएगी तो महीनों लगेंगे," ते म्हणाले. "मैं बसवाली डालता हूँ. पूरा कॅम्प बैठ जाता है, बस नहीं बैठती."

माणसं बसतात पण बस बसत नाही, हे वाक्य मला फार आवडलं. मासिकात त्याच गोष्टीला चार पानं लागली होती.

"टाइट तो नहीं होगा?" मी विचारलं, कारण काहीतरी विचारायला हवं.

"टाइट अच्छा होता है, मॅडम. ढीला किसको चाहिए?"

मी जाणत्यासारखी मान डोलावली. मासिकातही स्टिफ हा शब्द चांगल्याच अर्थाने आला होता. उस्तादांनी नवे शॉक बसवले, झिजलेली रबरं बदलली आणि जुन्या पाट्यांच्या जागी बसचे जाडजूड पाटे चढवले. काम चोख होतं. एवढंच, की ते बसचं होतं.

गाडी गॅरेजबाहेर आली तेव्हा साष्टांग नमस्कारातून अर्धीच उठल्यासारखी दिसत होती. नाक जमिनीला, पार्श्वभाग आकाशाला. स्टिअरिंगमागे बसलं की घसरगुंडीवर बसल्यासारखं वाटायचं. पर्स शेजारच्या सीटवरून निघून डॅशबोर्डखाली जाऊन बसायची. स्पीडब्रेकर आला की गाडी आधी जायची, मी नंतर यायचे. नातीची आई तेव्हा शाळेत होती. ती गॅलरीतून पाहून म्हणाली, "मम्मी, इट लुक्स लाइक इट नीड्स द टॉयलेट." मी तिला सांगितलं, ह्याला स्पोर्टी म्हणतात.

तपासणीला तेच शांत गृहस्थ. ह्या वेळी त्यांनी डिकीवर हात ठेवून दाबलं तर गाडी हललीच नाही. त्यांनी दोन्ही हातांनी दाबलं. मग ते मागे सरकून लांबून बघत राहिले.

"मॅडम, पहले पीछे नीचे था. अब पीछे ऊपर है. आपके यहाँ बीच में कुछ नहीं होता?"

हे वाक्य पुढे कितीतरी वर्षं ह्यांनी माझ्यावर वापरलं. कधी मिठाबद्दल, कधी माझ्या माहेरच्यांबद्दल.

नापास झालेली गाडी मी परत गॅरेजात नेली. उस्तादांनी कपाळाला आठ्या घालून पाट्यातली एक पट्टी काढली. शेपूट जरा उतरलं, पण बोटभर ताठा उरलाच. "अब काम से नहीं, वजन से बैठेगी," ते म्हणाले. "फॅमिली बिठाओ." मी हे टोमणा म्हणून घेतलं आणि घरी येऊन रागारागाने पोहे केले. अर्थात बिनकोथिंबिरीचे; रोल्लाला एवढ्या लांब गाडीला जागा मला अजून सापडली नव्हती.

मुलकिया संपत आला होता आणि सासूबाई उतरल्या. विमानतळावर आम्ही दोघं गेलो. आधी सासूबाईंची व्हीलचेअर दिसली. गुडघ्यामुळे त्यांना चालवत नसे. मागोमाग एक ट्रॉली आली. तिच्यावर सतरंजीत गुंडाळून सुतळीने बांधलेलं काहीतरी होतं आणि ट्रॉली ढकलणारा माणूस चढावर हातगाडी ओढावी तसा वाकला होता.

"घे बाई तुझा पाटा," सासूबाई म्हणाल्या.

मला काही कळेना. "कसला पाटा, आई?"

"कसला म्हणजे? सपाट झाला म्हणालीस ना. हा माझा. टाकी लावून आणलाय, चांगली खरखरीत. हल्ली टाकीवाल्या फिरत नाहीत गं, भावाला दोन रविवार हिंडवला तेव्हा एक मिळाली." त्यांनी मांडीवरच्या पिशवीवर थाप मारली. "वरवंटा इथे आहे. तो सामानात टाकला नाही, म्हटलं कुणी मारला तर?"

वरवंटा त्यांनी विमानात मांडीवर घेऊन आणला होता. कस्टमवाल्याने पिशवीतून तो काळा दगडी दंडुका बाहेर काढून विचारलं, हे काय. सासूबाईंना हिंदी यथातथाच. त्यांनी व्हीलचेअरवरूनच त्याच्या टेबलावर वरवंटा पुढे-मागे फिरवून दाखवला, मधेच बोटांनी न दिसणारी चटणी गोळा केली आणि एक बोट त्याच्यापुढे धरलं. तो म्हणाला, "यल्ला, यल्ला, जाओ."

मी पुटपुटले, "आई, मी गाडीच्या पाट्यांबद्दल म्हणत होते."

"गाडीला पाटा कशाला? गाडीत काय वाटतेस?" मग त्या थांबल्या. "कुणाची गाडी?"

हे इतके हसले, की त्यांना ट्रॉलीवर बसावं लागलं. गाडी घेतल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. हसण्याचं कारण मी होते, पण त्या दिवसांत मी तेवढ्यावरही समाधान मानायचे.

पार्किंगमध्ये सासूबाईंनी गाडीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ही अशी का उभी आहे? शिंक येऊन अडकल्यासारखी?"

"मागे नवे पाटे घातलेत, आई. सोनापूरच्या बसचे."

मुहैस्नाहच्या त्या भागाला तिकडची सगळी माणसं सोनापूरच म्हणतात, म्हणून मीही सवयीने म्हणाले. पण गिरगावात जन्म काढलेल्या बाईला सोनापूर एकच. तिथे माणूस एकदाच जातो, तेही खांद्यावरून. सासूबाई व्हीलचेअरचे हात घट्ट धरून म्हणाल्या, "मला घरी नेणार आहात ना?"

हे आणि तो ट्रॉलीवाला, दोघांनी मिळून पाटा उचलून डिकीत ठेवला. त्याच्या बाजूला लोणच्याच्या बरण्या, आंबेमोहोर तांदूळ, भाजणी, आणि सासूबाईंच्या मते परदेशात न मिळणाऱ्या इतर वस्तू, ज्या सगळ्या रोल्लाला मिळायच्या. मागच्या सीटवर सासूबाईंना बसवलं. दोन दारांच्या गाडीत मागे शिरणं हा गुडघेदुखीवाल्या बाईसाठी कार्यक्रमच असतो. पुढची सीट वाकवली, ह्यांनी आतून ओढलं, मी बाहेरून लोटलं. "ही गाडी घ्यायला तुला कुणी सुचवलं?" सासूबाईंनी अर्ध्या वाटेत विचारलं. मी लोटण्याचा जोर वाढवला.

रस्त्याला लागलो आणि माझ्या लक्षात आलं, की पर्स जागेवर आहे. सीटवरच आहे. राउंडअबाउट आलं, मी दात आवळले, शेपूट गुमान मागून आलं. सिग्नलवरून निघाले तर ना उडी ना थडथड. बिल्डिंगखाली उतरल्यावर हे वाळूत उकिडवे बसले आणि गाडीकडे एक डोळा मिटून पाहू लागले.

"सरळ झाली," ते म्हणाले.

"मग? उस्तादांचं काम सेट व्हायला वेळ लागतो," मी म्हणाले. "मासिकात दिलंय."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग डिकीकडे, मग मागच्या काचेतून दिसणाऱ्या आपल्या आईकडे. "पासिंग होईपर्यंत डिकीतलं काही हलवायचं नाही," ते म्हणाले. गाडीच्या बाजूने ह्यांनी उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. मला वाटतं, त्यांच्यातल्या इंजिनिअरला राहवलं नाही.

"आणि चटणी?" सासूबाईंनी आतून विचारलं.

"दोन दिवस मिक्सरची खा, आई."

"मी हा धोंडा चटणीसाठी आणला. तुमच्या पासिंगसाठी नाही." त्यांनी पिशवीतला वरवंटा चाचपला. मग म्हणाल्या, "बरं. पण माझा पाटा जाईल तिथे मी जाणार. एवढ्या लांबून आणलाय, कुणी ढापला म्हणजे?"

तेच तर आम्हाला हवं होतं, पण तसं म्हणायची माझी हिंमत नव्हती. सासूला तोंडावर वजनदार म्हणणारी सून अजून जन्मायची आहे.

पासिंगच्या दिवशी मी चष्मा घरी ठेवला. मागे सासूबाई पदराने वारा घेत पुढच्या गाड्यांवर शेरे मारत होत्या. आमची पाळी आली. ते शांत गृहस्थ आले आणि मला ओळखून क्षणभर अधिक शांत झाले. मग त्यांना मागची सीट दिसली.

"मामा, नीचे आओ," ते अदबीने म्हणाले. तिकडे आईच्या वयाच्या बाईला मामा म्हणतात.

सासूबाईंनी गुडघ्याकडे बोट दाखवलं. "मेरा ये उतरता नहीं. उतरा तो फिर चढता नहीं."

त्यांनी ती दोन दारं पाहिली, वाकवायची सीट पाहिली, सासूबाईंचा घेर पाहिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला प्रथमच भीती दिसली. "खलास, बैठो, बैठो," ते म्हणाले.

ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, टायर पाहिले. डिकीवर हात ठेवून दाबलं. गाडी थोडी खाली गेली आणि शहाण्या मुलीसारखी वर आली. ते मागे जाऊन लांबून बघत उभे राहिले. मग त्यांनी खूण केली, डिकी उघडा.

बरण्या, तांदूळ, आणि सतरंजीतलं ते मोठं गाठोडं. "यह क्या है?"

मी रात्री आरशासमोर इंग्रजीत एक उत्तर तयार केलं होतं. त्यात हेरिटेज असा शब्द होता. मी तोंड उघडायच्या आत मागच्या सीटवरून आवाज आला, "पाटा आहे तो."

"पट्टा?" तपासनीसांनी मला विचारलं.

"हां जी. पट्टा," मी म्हणाले. "पीछे का."

त्यांनी सतरंजीवर बोटाने टकटक केली. आतून अगदी जड, भरीव आवाज आला. ते समाधानाने म्हणाले, "स्पेअर?"

"स्पेअर."

त्यांनी डिकी हलकेच बंद केली. "अब बीच में है," ते म्हणाले. आणि निघताना काचेतून वाकून आभार मानले, "मामा, शुक्रान."

परवा हे ऐकून नात म्हणाली, "सो बेसिकली, इट वॉज बॅलास्ट." मी विचारलं, म्हणजे काय. तिने समजावलं, गाडी किंवा जहाज डुगडुगू नये म्हणून आत मुद्दाम ठेवलेलं वजन. मी म्हटलं, अस्सं. आपल्यात त्याला सासू म्हणतात.

त्या दिवशी येताना मी रोल्लाला थांबले. कुणालाही न विचारता. पार्किंगसाठी तेवढ्या लांबीची जागा सापडेपर्यंत इतक्या चकरा मारल्या, की सासूबाईंना तिथली सगळी दुकानं पाठ झाली. पण कोथिंबीर घेतली. एक जुडी पुरली असती, मी हातात मावतील तेवढ्या घेतल्या. हिरव्या मिरच्या घेतल्या, ओला नारळ घेतला. गाडीत कोथिंबिरीचा वास भरला आणि जळक्या रबराचा गेला.

आता पेच असा, की पाटा वर घरात नेला तर गाडी पुन्हा शिंकायला लागणार आणि खाली ठेवला तर चटणी नाही. तोडगा सासूबाईंनीच काढला. "मला खाली घेऊन चल," त्या शुक्रवारी सकाळी म्हणाल्या. बिल्डिंगमागच्या वाळूत मी डिकी उघडली. वॉचमनच्या स्टुलावर बसून, डिकीत हात घालून त्यांनी तिथल्या तिथे पाटा धुतला, मिरच्या, कोथिंबीर, लसूण, खोबरं घेतलं आणि वाटायला लागल्या. वरवंटा पुढे गेला की गाडी किंचित पुढे झुकायची, मागे आला की मागे. बसचे पाटे पहिल्यांदाच त्यांच्या लायकीचं काम करत होते.

"पाटे चांगले आहेत गं तुझे," सासूबाई म्हणाल्या. "हलतात, पण कुरकुरत नाहीत. तुझ्यासारखे नाहीत."

वास गॅलऱ्यांत पोहोचला. आधी तिसऱ्या मजल्यावरची गुजराती शेजारीण आपला लसूण घेऊन उतरली, मग केरळी ग्रोसरीवाला नारळ घेऊन आला, नुसता बघायला. पुढच्या शुक्रवारी मंडळाच्या बायका आल्या, खजिनदारबाई सगळ्यांत पुढे. माझ्या गाडीभोवती अशीच गर्दी व्हावी म्हणून मी एवढा खटाटोप केला होता. गर्दी झाली, पण सगळ्यांची पाठ बॉनेटकडे. मी चष्मा लावून बॉनेटला टेकून उभी राहिले तेव्हा कुणीतरी माझ्या हातात रिकामा डबा दिला आणि म्हणाली, जरा धुऊन आण गं. तो फोटो त्याच दिवशीचा आहे. डबा दिसत नाही, कारण तो मी पाठीमागे लपवलाय.

परत जायच्या वेळी सासूबाई पाटा न्यायला तयार नव्हत्या. "राहू दे मागे," त्या म्हणाल्या. "मी नसले की उडशील." नंतर एकदा-दोनदा आल्या, मग प्रवास झेपेनासा झाला, आणि मग त्या गेल्या. पाटा डिकीतच राहिला. दर वर्षी गाडी पास होत गेली. मधल्या सीटवर मी पुन्हा कधी बसले नाही.

ह्यांचं ऑफिस दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कात गेलं आणि आम्हीही तिकडे राहायला निघालो, तेव्हा मी गाडी विकायला काढली. एक तरुण लोकल मुलगा आला, चालवून पाहिली आणि प्रेमातच पडला. "सो स्मूद, मॅडम." व्यवहार झाला. गाडी द्यायच्या आदल्या दिवशी ह्यांनी कुणाला न सांगता डिकी उघडली आणि सतरंजीसकट पाटा एकट्याने लिफ्टपर्यंत आणला. मी लिफ्टचं दार धरून उभी राहिले.

दोन दिवसांनी फोन आला.

"मॅडम, त्या दिवशी गाडी इतकी छान चालत होती. आता मागून उड्या मारतेय. तुम्ही काही पार्ट काढलात का?"

मी स्वयंपाकघरात पाहिलं. खिडकीखाली जमिनीवर पाटा होता, त्यावर ओली चटणी होती आणि समोर चष्मा कपाळावर चढवून हे वाटायला बसले होते.

"काढलाय," मी म्हणाले.

"ओरिजिनल?"

"एकदम ओरिजिनल."

"मला हवाय. किती?"

"हबीबी, तो पार्ट विकायचा नाही. दुसरीकडे मिळणारही नाही." मग मला त्याची दया आली. "तुझ्या घरी आजी आहे का?"

"आहे. का?"

"तिला मागच्या सीटवर बसव."

त्याने विचारलं, "रोज?"

"सुरुवातीला रोज," मी म्हणाले.